थॅडियस स्टीव्हन्स ढोंगी होता?

बोरूबहाद्दर: थॅडियस स्टीव्हन्स म्हणजे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला गुलामगिरीविरोधी वकील आणि खासदार. कालच्या धाग्यावर एकाने निकाल देऊन टाकला, "गुलाममालकाचं वकीलपत्र घेणारा स्टीव्हन्स कसला मुक्तिदाता? ढोंगी!" खटला खरा आहे. १८२१, पेनसिल्व्हेनिया. चॅरिटी बटलर या गुलाम बाईचं म्हणणं, सहा महिने या राज्यात राहिले, कायद्याने मी मुक्त. स्टीव्हन्सने मालकातर्फे मांडलं की तुटक मुक्कामांची बेरीज धरता येत नाही. जिंकला. पण पुढे? पेनसिल्व्हेनियाच्या १८३८च्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार काढला, तर पठ्ठ्याने तिच्यावर सही केली नाही. १८५१च्या ख्रिस्तियाना खटल्यात गुलाम पकडून देणाऱ्यांच्या नव्हे, त्यांना विरोध केल्याचा ठपका असलेल्या आरोपींच्या बाजूने उभा राहिला. १८६५ला, यादवी युद्ध संपल्यावर, दक्षिणेतल्या बड्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी काढून मुक्त झालेल्यांना माणशी ४० एकर द्या म्हणाला. हे ढोंग?

तिरकी_रेघ: चॅरिटीला या ४० एकरांचा काय उपयोग? ती आणि तिची लेकरं गुलामच राहिली. आणि ते एकर तरी कुणाला मिळाले?

बोरूबहाद्दर: काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ऐकलं नाही, त्याला तो काय करणार?

सातबारा: वकील तो वकीलच! आत्याच्या वाटणीच्या दाव्यात आमचा वकील समोरच्या पार्टीबरोबर कँटीनला चहा पिताना सापडला. आत्या गेली, तारखा चालूच आहेत.

काळा_कोट: मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करतो. विरुद्ध बाजूच्या वकिलाबरोबर चहा रोजच होतो, तो फितुरी नसतो. तारीख कोर्ट देतं.

सातबारा: वकील नव्हे, पार्टी म्हणालो! आणि तारीख मागतं कोण? "साहेब, पक्षकार आजारी"! आत्या तेव्हा बाहेर बाकावर बसलेली होती.

काळा_कोट: एका माणसावरून अख्ख्या बारला शिव्या घालू नका. उद्या तुम्हालाच वकील लागेल.

सातबारा: लागलाय की. तीच तर रड आहे.

तिरकी_रेघ: आत्यांचा दावा दुसरीकडे चालवा हो. काळा कोट, एवढंच सांगा, ते वकीलपत्र नाकारता आलं असतं की नाही?

काळा_कोट: ...आलं असतं.

बोरूबहाद्दर: तेही लिहा की, १८६८ला गेला तेव्हा मुद्दाम श्रायनरच्या दफनभूमीत पुरून घेतलं, कारण इतर ठिकाणी काळ्यांना मज्जाव होता. थडग्यावर कारणही कोरून ठेवलंय.

तिरकी_रेघ: बरं बाबा, ढोंगी नव्हता. चॅरिटीचा वकील असता तर अजून आवडला असता. आता सातबारा, आत्यांच्या दाव्याची पुढची तारीख कधी?