आयटीआय की पदवी? तुम्ही काय केलंत आणि कुठे अडलात, ते लिहा

दहावीचा निकाल लागला की नात्यातले फोन सुरू होतात. पोराला सायन्सला घालू की आयटीआयला? मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो म्हणून मला विचारतात. पण माझा अनुभव एकट्याचा आहे, म्हणून हा धागा. शिक्षण मोठं की कौशल्य मोठं हा वाद इथे नको. कुठे अडलात ते मात्र जरूर लिहा, कारण मुलांना नेमकं तेच कुणी सांगत नाही.

सुरुवात मी करतो. टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ मशीनवरच्या कामाचा कोर्स, दोन वर्षं, मग अप्रेंटिस. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात कंपनीवर नोकरी देण्याचं बंधन नाही, हे आमच्यापैकी अनेकांना मुदत संपल्यावर कळलं. बरेच जण तिथून कंत्राटदाराकडे गेले. ज्यांना ड्रॉइंग वाचता येत होतं आणि ज्यांनी सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं, त्यांची मागणी आजही टिकून आहे.

वायरमन, सातारा जिल्हा
काम कधी कमी पडलं नाही. अडचण सहीची. नवीन वीजजोडणीसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर लायसनवाल्या ठेकेदाराची सही लागते. घराचं सगळं वायरिंग मी करायचो आणि सहीसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहायचो, पैसेही त्याचेच जास्त. शेवटी आयटीआयच्या जोरावर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. बायकोने तेव्हा घर सांभाळलं. भावांनो, कागदाला कमी लेखू नका.

बी.एससी. बी.एड., परभणी
शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये. मधल्या वर्षांत आमचं वय वाढत गेलं. एका संस्थेने जागेसाठी मागितलेली रक्कम बाबांचं शेत विकूनच उभी राहिली असती. मी नाही म्हणाले. आता क्लासेस घेते. गणित शिकवायला मला मनापासून आवडतं, त्यामुळे पदवी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण धाकट्या भावाला एसी-फ्रिज दुरुस्तीच्या ट्रेडला मीच हट्टाने पाठवलं. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते.

वेल्डर, रत्नागिरी, सध्या आखातात
दोन गोष्टी सांगतो. पहिली, दहावी सोडू नका. दहावी पास असेल तर पासपोर्टवर ईसीआर (इमिग्रेशन तपासणी हवी असा शेरा) लागत नाही. ते लागलं की आखातात नोकरीला जाताना इमिग्रेशनची मंजुरी काढावी लागते, आणि एजंट त्याच माणसांना जास्त नाडतात. दुसरी, नुसतं वेल्डर म्हणून येऊ नका, पाइपाची सिक्स-जी टेस्ट देऊन या. पाइप तिरका बांधलेला असतो, फिरवता येत नाही. आपणच वाकून, आडवं होऊन चारी बाजूंनी जोड भरायचा. ती पास झालेल्याचा पगार वेगळा असतो. डोळे आणि कंबर मात्र चाळिशीत बोलायला लागतात. त्या वयात काय करणार, याचा विचार विशीतच करावा.

विद्युत सहाय्यक, महावितरण
मी मुलगी, आणि इलेक्ट्रिशियन केलं. घरचे म्हणत होते, बी.कॉम. कर, लग्नाला बरं पडेल. आज गावात लाइट गेली की लोक मला फोन करतात.

शिल्प निदेशक (आयटीआयमधला शिक्षक), विदर्भ
पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावं असं एक. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्याला भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. ती असली की पुढे पदवीची वाट मोकळी राहते, मुक्त विद्यापीठातून नोकरी करतानाही शिकता येतं. आमच्याकडची हुशार मुलं केवळ माहिती नसल्यामुळे हा फॉर्म भरत नाहीत, आणि पुढे जाहिरातीत 'बारावी उत्तीर्ण' एवढं वाचून मागे फिरतात. कुणाच्या घरी आता प्रवेश होत असेल, तर पहिल्याच आठवड्यात निदेशकांना गाठून याची चौकशी करा.