कॅनडात मास्टर्स संपतंय, पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) आधी काय करावं?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण): भाची टोरांटोत शेवटच्या सेमिस्टरला आहे. पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो. शिकताना केलेला पार्टटाइम जॉब पीआरला धरतात का?

मांडवीकर: नाही. पूर्णवेळ शिकतानाचं काम कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासला (कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या योजनेला) धरत नाहीत. वर्षभराचं, म्हणजे १,५६० तासांचं पगारी कुशल काम लागतं. दुकानात गल्ल्यावर बसून ते भरत नाही.

सावंतवाडी_मोती: आधी पासपोर्ट! शिक्षण संपल्यावर मिळणारं वर्क परमिट त्याच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, तीन वर्षांचं वर्षावर येतं. नूतनीकरण टोरांटोतल्या भारतीय वकिलातीमार्फत होतं, त्यासाठी गावी यायला नको. कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आलं की १८० दिवसांत वर्क परमिटचा अर्ज. आणि इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस, जनरलच. ॲकॅडमिक पीआरला चालत नाही.

वाशिष्ठीकाठ: ॲकॅडमिकच दिलीय तिने! आजच कळवतो.