लॅपटॉप सुरू केला की तारीख थेट २०१७ वर जाते

रानवाट
लॅपटॉप साधारण आठ वर्षं जुना आहे, विंडोज १० आणि उबुंटू या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेल्या. रात्री बंद करून भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद केलं की सकाळी तारीख १ जानेवारी २०१७ दिसते. मग क्रोममध्ये बहुतेक साइट्स उघडत नाहीत, घड्याळ मागे असल्याचा इशारा येतो. तारीख-वेळ हाताने नीट केली की दिवसभर बरोबर चालतं, रीस्टार्ट केलं तरी टिकतं. मुख्य बॅटरी फुगली म्हणून काढून ठेवली आहे, सध्या नुसत्या चार्जरवर वापरतोय. वेळ आपोआप सेट होण्याचा पर्याय चालू आहे, तरी काही होत नाही. विंडोज नव्याने टाकावी का?

तांब्याची तार
विंडोजला हात लावू नका. रीस्टार्टला वेळ टिकते आणि वीज तोडली की जाते, म्हणजे मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपलाय. खात्री करायची तर आज रात्री लॅपटॉप बंद करा पण चार्जर चालू ठेवा. सकाळी वेळ बरोबर असेल तर सेलच.

हा सेल बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, क्षमता २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. घड्याळाचं सर्किट ५ मायक्रोअँपिअर घेतं असं धरलं तर हिशेब पाच वर्षांचा येतो. प्रत्यक्षात तो जास्त टिकतो, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये मुख्य बॅटरी किंवा चार्जर असेपर्यंत घड्याळाला वीज तिकडूनच मिळते. तुम्ही मुख्य बॅटरी काढली आणि रात्रभर सगळा भार त्या जुन्या सेलवर पडला.

आपोआप वेळ का लागत नाही, तर साध्या घरगुती मशीनवर विंडोजची टाइम सर्व्हिस ५४,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे १५ तासांपेक्षा जास्त फरक दिसला की दुरुस्ती नाकारते. तुमचा फरक काही वर्षांचा. तोवर उपाय एवढाच: आधी तारीख हाताने घाला, मग 'सिंक नाउ' दाबा. साइट्स अडतात त्या सर्टिफिकेटमुळे, म्हणजे साइटच्या ठरावीक मुदतीच्या ओळखपत्रामुळे. २०१७ साली आजची सर्टिफिकेट्स जन्मालाच आलेली नव्हती, त्यामुळे ब्राउझर ती अवैध ठरवतो.

आणि ती फुगलेली बॅटरी कपाटात ठेवू नका. टोचू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

घाटमाथा
निदान बरोबर आहे. उबुंटूही आहे म्हणून एक भर. सेल बदलल्यावर तारीख टिकेल, पण उबुंटूतून विंडोजमध्ये आलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसू शकतं. तेव्हा नवा सेल खराब निघाला असं समजू नका. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड दिली की दोघांचं जमतं. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत, आणि सेट-लोकल-आरटीसी हा डॅशने जोडलेला एकच शब्द. भारतात घड्याळ उन्हाळा-हिवाळ्यात पुढेमागे होत नाही, त्यामुळे हा मार्ग चालतो. अमेरिका-युरोपातल्यांनी मात्र उबुंटू तसंच ठेवावं आणि विंडोजलाच यूटीसी वाचायला लावावं. त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची नोंद १ करावी लागते.

सेल काढण्यापूर्वी बायोसमधल्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधल्या) साटा मोड (डिस्क जोडणीची पद्धत) आणि बूट मोडच्या (सिस्टिम सुरू करायची पद्धत) स्क्रीनचे फोटो घेऊन ठेवा. सेल संपलेला असूनही मशीन रोज बूट होतंय, तेव्हा सेटिंग बदलण्याचा धोका कमीच. तरी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी हवीच.

रानवाट
चार्जर चालू ठेवून पाहिलं, वेळ टिकली. मग खोलला. रॅमशेजारी पिवळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात सेल आहे, दोन वायरी आणि छोटा पांढरा कनेक्टर. मल्टिमीटरवर १.४ व्होल्ट. वर सीआर२०३२ लिहिलंय. जवळच्या दुकानात नुसता सेल मिळतो. जुन्या वायरी त्यालाच सोल्डर केल्या तर?

तांब्याची तार
नको. सोल्डरिंगच्या उष्णतेने आतलं सील जातं, सेल गळतो, कधी फुटतोही. जुन्या सेलवरच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने (विजेच्या क्षणभराच्या झटक्याने) लावलेल्या असतात, त्याचं कारण हेच. वायर आणि कनेक्टरसकट तयार सीआर२०३२ मिळतो, तोच घ्या. नव्याचं रीडिंग ३ ते ३.२ व्होल्ट यायला हवं. २.५ च्या खाली असेल तर परत करा.

लावण्याआधी जुना आणि नवा कनेक्टर एकाच दिशेने शेजारी धरून लाल वायर कुठल्या बाजूला आहे ते पाहा. कनेक्टर तोच असूनही वायरी उलट असलेले तुकडे बाजारात सर्रास असतात. उलट निघाल्या तर कनेक्टरच्या बाजूची बारीक जीभ सुईने उचला, पिना मागे ओढून काढा, अदलाबदल करून परत बसवा. वायर कापायची गरज नाही.

सीआर ऐवजी एमएल अक्षरांचा सेल कोणी दिला तर घेऊ नका, तो रिचार्जेबल असतो आणि तुमच्या मदरबोर्डवर चार्जच होणार नाही. उलट प्रकार त्याहून वाईट: एमएलच्या जागी सीआर लावला तर मदरबोर्ड त्याला चार्ज करायला जातो.

चार्जर काढून पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा, मगच काम सुरू करा. कनेक्टर ओढताना वायरी धरू नका, नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेने सरकवा. बसवल्यावर वेळ आधी बायोसमध्ये लावा, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा बायोसमध्येच पाहा. विंडोजमध्ये पाहिलंत तर काही तासांचा फरक इंटरनेटवरून भरून निघाला की सेलने वेळ टिकवली, ते कळणार नाही.