मदत हवी आहे: झुकिनी कुठली, कुसा कुठला? बॅगांवरची नावं गेली!

गच्चीवाली, ऐरोली

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या गच्चीवर परवानगी काढून थोडीफार बाग करते. यंदा दिवाळीनंतर वांगी-टोमॅटोच्या जोडीला समर स्क्वॅशचे (भोपळ्याच्या कुळातली, कोवळी असतानाच भाजीला तोडायची फळं) चार प्रकार लावले: हिरवी झुकिनी, पिवळी झुकिनी, पिवळाच पण मान असलेला स्ट्रेटनेक आणि नणंदेने दुबईहून आणलेला फिकट हिरवा कुसा. प्रत्येक ग्रो बॅगमध्ये आइस्क्रीमच्या काडीवर नाव लिहून खोचलं होतं. मग पाण्याची टाकी धुवायला माणसं आली. त्यांनी सगळ्या बॅगा उचलून जिन्याच्या भिंतीशी लावल्या आणि काड्या उपटून एका डब्यात व्यवस्थित गोळा करून ठेवल्या. कौतुक करावं की रडावं, कळेना.

आता पानांवरून ओळखायचा प्रयत्न चाललाय. काही झाडांच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात चंदेरी डाग आहेत, काहींची पानं साधी हिरवी. सासूबाई म्हणतात भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आलीय, आंबट ताक फवार. फुलं आलीत, पण बहुतेक नर. मादी फुलं आत्ता कुठे दिसायला लागलीत.

कुसा ओळखणं मला सगळ्यात गरजेचं आहे. त्याचं पाकीट संपलं, नणंद इतक्यात काही यायची नाही आणि मला त्याचं बी धरायचंय. त्यातून खालच्या मजल्यावरचे काका सांगून गेले की चारही प्रकार शेजारी लावल्यामुळे परागकण मिसळून यंदा फळंच भलती येणार. खरं आहे का हे? फोटो उद्या टाकते, पण कुठला भाग जवळून काढू ते आधी सांगा.

हिरवा चाफा, ठाणे

ताई, पानांचे फोटो नकोत. चंदेरी डाग झुकिनीत उपजतच असतात, स्ट्रेटनेक किंवा कुसातही दिसू शकतात. त्यावरून प्रकार ठरत नाही. भुरी आहे का ते बघायला पानावर अंगठा घासा. भुरी पिठासारखी बोटाला लागते आणि तिचे ठिपके गोल, वाटेल तिथे उठलेले असतात. उपजत डाग पुसले जात नाहीत आणि शिरांच्या कोनांतच बसलेले असतात. ते तसेच असतील तर ताकाची कढी करा.

फोटो काढायचा तो मादी फुलाच्या बुडाशी असलेल्या बाळफळाचा, आणि तोही फूल उमलायच्या दिवशी, बाजूने. झुकिनीचं बाळफळ देठापासून फुलापर्यंत जवळपास एकाच जाडीचं, सरळ नळकांडं. स्ट्रेटनेकचं देठाकडे बारीक मान आणि फुलाकडे फुगलेलं. कुसाचं बुटकं: फुलाकडे जाड, देठाकडे हळूहळू निमुळतं, पण वेगळी अशी मान नाही.

तरीही गोंधळ झाला तर भाजीला तोडायच्या वेळी दोरीने मापा. हॅरी पॅरिस या अभ्यासकाने १९८६ साली, हे चारही प्रकार ज्या एका जातीतले आहेत तिचे खायचे वाण आकारावरून आठ गटांत लावले, त्यात झुकिनीची लांबी रुंदीच्या साडेतीन पट किंवा जास्त धरली आहे. कुसा ज्या गटात बसतो त्याची साधारण दीड ते तीन पट. रंगापेक्षा हे माप भरवशाचं, कारण फिकट हिरवी झुकिनीही असतेच.

ठाणेकर काका

काड्या ज्या क्रमाने डब्यात टाकल्या त्याच क्रमाने बॅगा लावल्या असतील तर? बघा हो विचारून. 😀

पाचूपान, खारघर

चाफाताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. पिवळ्या जोडीबद्दल थोडं. पिवळ्या झुकिनीचं बाळफळ कळी मिटलेली असतानाच पिवळं असतं, पुष्कळदा पानांचे देठही पिवळसर दिसतात. जुन्या स्ट्रेटनेकचं आधी हिरवट आणि फूल उमलायच्या सुमारास पिवळं होतं. पण नव्या संकरित स्ट्रेटनेकमध्येही तो लवकर पिवळं होण्याचा गुण मुद्दाम घातलेला असतो, कारण मोझॅक विषाणूचे हिरवे चट्टे पिवळ्याधमक फळावर लपतात. म्हणून शेवटी मान आहे की नाही तेच बघायचं.

खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगा, यंदाचं फळ आईच्याच वळणावर जातं. पराग कुणाचाही असो, आकार-चव बदलत नाही. फरक पडतो तो आतल्या बियांत. तुमचे चारही प्रकार एकाच जातीतले, त्यामुळे मधमाश्या बी बिघडवणार हे नक्की. कुसाचं बी हवं असेल तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरा, टोक पिवळं पडलेलं दिसतं. कुसाचीच एक नर आणि एक मादी कळी कागदी टेपने बंद करा. सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून परागाचा दांडा मादीच्या आत फिरवा, मादी फूल पुन्हा टेपने मिटा आणि त्या फळाच्या देठाला लाल दोरा बांधा. ते फळ खायच्या वेळी तोडायचं नाही. साल नखाने टोचता येणार नाही इतकी कडक होईपर्यंत वेलीवरच ठेवायचं. तोवर ते झाड नवी फळं कमी देतं, म्हणून दुसरं कुसाचं झाड असेल तर ते खायला ठेवा.

पाकिटावर एफ वन (म्हणजे पहिल्या पिढीचं संकरित बी) लिहिलं असेल तर मात्र हा खटाटोप नको, बी सरमिसळ निघेल. आणि घरच्या बियांपासून आलेलं पहिलं फळ कापल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचाच. कडू लागला तर थुंका आणि फळ फेका. शिजवून तो कडूपणा जात नाही आणि पोट बिघडतं. शोभेचे छोटे भोपळे याच जातीतले, त्यांचा पराग आलेला असला तर पुढच्या पिढीत हे होऊ शकतं.

गच्चीवाली, ऐरोली

आज सकाळी सातलाच गच्चीवर गेले. डाग पुसले जात नाहीत, सासूबाईंना अंगठा दाखवला! दोन बॅगांत बुटकी, पोट सुटलेली फिकट बाळफळं आहेत, म्हणजे कुसा सापडला. पाकिटाचा फोटो नणंदेने पाठवला, एफ वन नाहीये. पिवळ्यातल्या एकाला स्पष्ट मान आहे. हिरव्या झुकिनीबद्दल शंका नाही.

पण एक झाड कुठेच बसत नाही. बाकीची सगळी जागच्या जागी झुडपासारखी वाढलीत आणि हे मात्र कठड्यावरून पलीकडे निघालंय. पेरापेरावर ताणे, पानांना हात लावला तर बाकीच्यांसारखं टोचत नाही.

हिरवा चाफा, ठाणे

घरचं कंपोस्ट घातलं होतं का त्या बॅगेत? लाल भोपळ्याच्या बिया किचनच्या कचऱ्यातून हमखास रुजतात. फळ धरल्यावर देठ बघा. समर स्क्वॅशचा देठ कडक, धारदार कंगोऱ्यांचा असतो, आपल्या नेहमीच्या लाल भोपळ्याचा फळाला चिकटतो तिथे पसरट होतो. कुसाच्या बियांना त्याचा धोका नाही, जात वेगळी आहे.

गच्चीवाली, ऐरोली

घातलं होतं, आणि श्रावणात भोपळा झालाच होता घरी. बॅगेत कसा मावणार तो?

पाचूपान, खारघर

बॅगेत नाही मावणार. पण नर फुलं रोज मिळतील, डाळीच्या पिठात बुडवून भजी करा. मध्ये परागाचा दांडा असतो तो आधी काढा, आणि आत मुंगळे आहेत का ते झटकून बघा.