दोन हल म्हणजे निम्मा रोध, हे गणित आले कुठून?

जलरेषा : गेटवे–मांडवा मार्गावर केवळ प्लेनिंग (वेगात पाण्याच्या पृष्ठावर उचलल्या जाऊन घसरणाऱ्या) कॅटामरान, म्हणजे दोन हलच्या बोटी, चालवाव्यात, कारण दोन अरुंद हलमुळे (बोटीच्या धडांमुळे) पाण्याचा रोध निम्मा होतो आणि जगातील सर्वांत वेगवान फेरीबोटही कॅटामरानच आहे, असे कालच्या लेखात ठामपणे मांडले आहे. यातील ती फेरीबोट कॅटामरान आहे, एवढेच खरे. टास्मानियात बांधलेल्या ९९ मीटर लांबीच्या ‘फ्रान्सिस्को’ने २०१३ च्या चाचण्यांत ५८ नॉट (ताशी सागरी मैल) ओलांडले, पण त्या लांबीला त्या वेगाचा फ्रूड अंक (लांबीच्या मानाने वेग मोजणारे गुणोत्तर) १ च्या आतच राहतो. म्हणजे ती पाण्यावर उचलली जात नाही, सडपातळ हलनी पाणी कापत जाते, आणि तिचा लाभ लाटजन्य रोधातील बचतीचा आहे.

प्लेनिंगचा हिशेब निराळा आहे. तिथे रोधाचा एक मोठा भाग म्हणजे वजन गुणिले ट्रिमच्या (बोटीचे नाक वर उचलल्याच्या) कोनाचा टॅन. ४ अंशांना तो वजनाच्या ७ टक्के भरतो. १२ टनांच्या बोटीला सुमारे ८४० किलो, मग हल एक असो वा दोन. उरते घर्षण. तेच वजन दोन अरुंद पट्ट्यांवर पेलायचे तर भिजणारा भाग रुंदीच्या मानाने लांबट होतो, उचल कमी मिळते, आणि एकतर नाक वर करावे लागते किंवा अधिक लांबी भिजवावी लागते. दोन्हींत डिझेल जळते.

खाडीकाठ : आपण प्लेनिंगचे संशोधक सॅविट्स्की यांचे १९६४ चे एका हलचे सूत्र घेता आणि निकाल दोन हलवर लावता. शेजारी धावणाऱ्या दोन पृष्ठभागांचा एकमेकांवर होणारा परिणाम त्यांनीच डिंगी यांच्यासह १९५४ मध्ये अभ्यासला होता. तो आपण शून्य कसा धरलात? शिवाय शर्यतीच्या कॅटामरानमध्ये बोगद्यातील (दोन हलमधल्या पोकळीतील) हवाच वजनाचा मोठा वाटा उचलते, याबद्दल आपल्या उत्तरात चकार शब्द नाही.

जलरेषा : ती हवा शर्यतीच्या वेगाला कामी येते, मांडव्याच्या वेगाला नाही. प्रवासी फेरीच्या चर्चेत शर्यतीच्या बोटी आणू नयेत. १९९० मध्ये मोनॅकोजवळ शर्यतीत स्तेफानो कासिरागी यांचा जीव गेला तो कॅटामरान उलटूनच.

निवृत्त तांडेल : दोघांनीही वजनाकडे नीट पाहिलेले नाही. मी चालवलेल्या एका कॅटामरानच्या कागदावर २५ नॉट लिहिले होते, पण ती चाचणी अर्ध्या टाकीवर आणि प्रवाशांविना झाली होती. पुढे मालकाने ए.सी., जास्तीची आसने आणि दुसरा जनरेटर चढवला. भरलेली बोट १८ च्या पुढे जाईना. नाक वर राहिल्याने समोरची होडी दिसत नसे, आणि दुपारच्या वाऱ्यात आतल्या चाइनवरून (हलच्या बाजूच्या कडेवरून) उडणारे पाणी बोगद्याच्या छताला असे आदळे की पायाखालच्या झाकणाचे बोल्ट ढिले पडत. हे छापील आकडे पाहून प्रवासी तिकीट काढतो, ही सरळ फसवणूक आहे.

जलरेषा : तांडेलांचा अनुभव गणिताशी जुळतो. बोट १२ टनांची धरली, तर २५ नॉटवर आकारमानाधारित (लांबीऐवजी बोटीने सारलेल्या पाण्याच्या आकारमानावरून काढलेला) फ्रूड अंक सुमारे २.७ येतो, १८ वर २ च्याही खाली. पूर्ण प्लेनिंग साधारण ३ नंतर सुरू होते. म्हणजे ती बोट रोज चढणीवरच, प्लेनिंगआधीच्या जास्त रोधाच्या टप्प्यात, अडकलेली होती.

खाडीकाठ : मालकाच्या हावरेपणाचे खापर हलच्या माथी का फोडता? ए.सी. एका हलच्या बोटीवरही चढवतातच! धक्क्याला लागताना सगळे प्रवासी एका बाजूला धावतात, तेव्हा रुंद कॅटामरान कशी स्थिर राहते हे ज्याने पाहिले आहे, तो असे बोलणार नाही.

निवृत्त तांडेल : आवाज चढवल्याने बोट हलकी होत नाही, साहेब. मी ते धक्क्यावर आयुष्यभर पाहिले आहे. पण अरुंद हलचे पाणरेषेवरील क्षेत्रफळ कमी, त्यामुळे प्रत्येक जादा टनाला ती अधिक बुडते आणि बोगद्याचे छत पाण्याला टेकू लागते. वजनाचा फटका तिला जास्तच बसतो.

खाडीकाठ : चाचणी पूर्ण भारावर घ्यावी, एवढे मान्य करतो, नाही म्हणायला जागाच ठेवलेली नाही. ‘निम्मा रोध’ हा दावा लेखकाने मागे घ्यावा. कॅटामरान मात्र मागे घ्यायचे कारण नाही.

जलरेषा : कॅटामरानला माझा विरोध कधीच नव्हता. या अंतराला २० नॉटच्या आसपास चालणारे, लांब आणि सडपातळ हलचे, प्लेनिंगच्या नादी न लागणारे कॅटामरान घ्यावे, आणि करारात पूर्ण प्रवासी, भरलेली टाकी व त्या स्थितीतील वेग लिहून घ्यावा.