मदत हवी आहे: सीएएचमध्ये (अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार, ज्यात अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरकं वाढतात) वुल्फियन नळी का टिकत नाही?

सातव्या आठवड्यात प्रत्येक गर्भात वुल्फियन (जिच्यातून पुढे पुरुषाचा अंतर्गत जननमार्ग बनतो) आणि म्युलेरियन (जिच्यातून गर्भाशय, गर्भनलिका बनतात) अशा दोन्ही नळ्या असतात. वृषणातल्या सर्टोली पेशींचं एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) म्युलेरियन नळी जिरवतं, लायडिग पेशींचं टेस्टोस्टेरॉन वुल्फियन नळी टिकवतं. दोन्हींचा परिणाम मुख्यतः त्याच बाजूला, म्हणून एकीकडेच वृषण असेल तर दुसरीकडे गर्भनलिका राहू शकते. बाह्य अवयवांचं वेगळं: तिथे रक्तातून आलेल्या टेस्टोस्टेरॉनचं अधिक प्रभावी रूप, डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन), बनतं.

आता अडचण. सीएएच असलेल्या मुलीच्या गर्भात अँड्रोजेन वाढतं, भगोष्ठ जुळतात, तरी वुल्फियन नळी सहसा विरतेच. स्थानिक प्रमाण अपुरं पडतं, की वेळ चुकते? भगोष्ठ जुळायला अँड्रोजेन बाराव्या आठवड्याआधीच लागतं, त्यामुळे नुसतं वेळेचं कारण मला पटत नाही. विद्यार्थ्यांना हे नेमकं कसं समजवावं? जाणकारांनी कृपया सांगावं.