शिकत्या मुलाला आयकर विवरणपत्रात अवलंबित दाखवावे का?

मूळ लेख

माझा मुलगा अमेरिकेत पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षअखेर २४ पूर्ण न झालेल्या, किमान पाच महिने पूर्णवेळ शिकणाऱ्या आणि स्वतःचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः न उचलणाऱ्या मुलाला आईवडील अवलंबित दाखवू शकतात, म्हणून आम्ही त्याला दरवर्षी दाखवत आलो. परंतु आम्हा पतीपत्नींच्या संयुक्त विवरणपत्रातील उत्पन्न १,८०,००० डॉलरांवर गेल्याने ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ हे २,५०० डॉलरांपर्यंतचे शैक्षणिक क्रेडिट (शिक्षणखर्चासाठी थेट करातून वजा होणारी सवलत) आम्हाला मिळेनासे झाले; उरले ते ‘इतर अवलंबितां’साठीचे ५०० डॉलरांचे क्रेडिट. २०२४ मध्ये मुलाने इंटर्नशिपमधून २६,००० डॉलर कमावले आणि १४,६०० डॉलरांची प्रमाणित वजावट जाता त्याला १,१४० डॉलर कर लागत होता. आम्ही त्याला अवलंबित दाखवण्याचा दावा सोडला, शैक्षणिक क्रेडिट त्याने घेतले आणि कर शून्यावर आला. उत्पन्नाची मर्यादा ओलांडलेल्या प्रत्येक पालकाने हेच करावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १

‘प्रत्येक पालकाने’ हे मला मान्य नाही. आपल्या मुलाची कमाई चांगली होती, म्हणून हिशेब जुळला. माझी मुलगी ग्रंथालयात तासांवर काम करून वर्षाला जेमतेम सात हजार डॉलर मिळवते. तिला आयकर लागतच नाही, आणि पालकांच्या आधारावर शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्याला क्रेडिटमधला, कर नसला तरी रोख परत मिळणारा भागही दिला जात नाही. आम्ही दावा सोडला असता, तर आमचे ५०० डॉलर गेले असते आणि तिच्या पदरात काहीच पडले नसते. शिवाय फी आम्ही भरायची आणि क्रेडिट मुलांनी घ्यायचे, हे मनाला पटत नाही.

प्रतिसाद २

आपल्या मुलीपुरता आपला हिशेब बरोबर आहे, पण शेवटचा आक्षेप टिकत नाही. पालकांनी दावा सोडला की त्यांनी भरलेली फीसुद्धा विद्यार्थ्यानेच भरली असे कायदा मानतो. फीचा १०९८-टी हा फॉर्मही त्याच्याच नावाने येतो. केवळ पालकांचा पगार वाढला म्हणून ते क्रेडिट वाया जाऊ देणे मला अयोग्य वाटते.

दावा सोडणाऱ्यांनी एक मात्र सांभाळावे. विवरणपत्रातली चौकट ‘कोणी अवलंबित दाखवले आहे का’ असे विचारत नाही, ‘दाखवू शकते का’ असे विचारते. त्यामुळे दावा सोडला तरी मुलाने तिथे खूण करायचीच असते. आम्ही मुलाला अवलंबित दाखवले होते त्या वर्षी त्याने आमच्या आधी घाईने विवरणपत्र भरले आणि ती चौकट रिकामी सोडली. परिणामी आमचे विवरणपत्र ऑनलाइन स्वीकारलेच गेले नाही आणि त्याला सुधारित विवरणपत्र भरावे लागले.